उसन्या नाकानं हरिपूरपर्यंत

माझ्या प्रवासवर्णनांतले वास माझ्या बायकोचे असतात, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. लहानपणी मला मोठा ताप आला आणि तो उतरताना वासाचं ज्ञान घेऊन गेला. नाक आहे, सरळ आहे, चष्मा त्यावर नीट बसतो. याहून अधिक काम ते करत नाही. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू एवढं कळतं, तिखटाचा चटका कळतो. त्यापुढे जेवताना लोकांना जे काही होतं ते मला ऐकून माहीत आहे. मी बघतो, ऐकतो, हात लावतो आणि लिहितो. वासाची जागा आली की शालनकडे वळतो.

तिनं मला वास कसा सांगायचा, याचा आमच्यात एक नियम आहे. एक वास दुसऱ्या वासासारखा आहे असं म्हणायचं नाही, कारण मला दोन्ही सारखेच अनोळखी. हाताला लागेल किंवा कानाला कळेल असं काहीतरी सांगायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, नाशिकच्या आमच्या दोन खोल्यांत, तिनं माहेरून आलेला हळदीचा डबा उघडला, डोळे मिटले आणि म्हणाली, "कोरं मांजरपाट टरकन फाडलं की हाताला झटका बसतो ना, तसा आहे हा." त्या दिवशी मला हळद कळली. मांजरपाटाचा तो झटका मी दागिन्यासारखा जपून ठेवला. ही भाषा तिनं माझ्यासाठी घडवली आहे आणि ती फक्त माझ्याशी बोलते, या समजुतीवर माझा संसार सुखानं चालला होता.

मग हरिपूरहून हिंदुरावचं कार्ड आलं. "पेव उघडायचं हाय. शालीला घिऊन या. ती आल्याबिगर हात लावत न्हाई." पेव म्हणजे जमिनीखाली खणलेलं हळदीचं कोठार, वर तोंड अरुंद आणि आत पोट मोठं. सांगलीजवळच्या हरिपुरात अशी पेवं पुष्कळ आहेत. शालन दर फाल्गुनात एकटीच माहेरी जाऊन येते, पण पेव उघडायला ती कशाला हवी, हे मला कळेना. मी विचारलं तर ती म्हणाली, "आमच्याकडची चाल आहे." आणि ट्रंक काढून घड्या घालायला लागलीसुद्धा. इतक्या झटपट ती माझ्या माणसांकडे जायला कधी निघत नाही.

हिंदुराव हा शालनचा आतेभाऊ. तिची आई लवकर गेली आणि वडील लष्करात सुभेदार, आज या छावणीत तर उद्या त्या. म्हणून ती आत्याच्या घरी हरिपुरात वाढली. त्या भागात मामाच्या मुलीवर आतेभावाचा पहिला हक्क. सगळं गाव ते लग्न धरूनच चाललं होतं. सासऱ्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी मुलगी नाशिकला दिली. माझ्या नाकाचं मी त्यांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "नोकरी हाय न्हवं? मग नाक कशाला?" आणि पुढं हा विषय कुणाकडे काढला नाही. लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. शालनला सख्खा भाऊ नव्हता, तेव्हा वडीलधाऱ्यांनी हिंदुरावलाच पुढं केलं. एकदा कान पिळला की तो भाऊ झाला आणि जुनी गोष्ट मिटली, असा त्यांचा हिशेब. हिंदुरावनं माझा कान असा पिळला की गोष्ट मिटली असं मला तरी वाटलं नाही. आता त्याचं लग्न झालंय, पोरं आहेत. पण जळणाऱ्या माणसाला असल्या गोष्टींनी थंड वाटत नाही.

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. फाल्गुनातल्या एका सकाळी आम्ही निघालो, पुण्याला एसटी बदलली आणि पहिला मुक्काम वाईला केला. तो माझ्यासाठी. शालनला थेट सांगलीला जायचं होतं, पण हिंदुरावच्या कार्डाला मी एवढी घाई दाखवणार नव्हतो.

वाईचे घाट बघून माझा जीव जळला, हे नाशिककर म्हणून आधी सांगून टाकतो. आमच्याकडे गोदावरी आहे, देवळं आहेत, सगळं आहे. पण वाईला कृष्णा अशी घरच्या अंगणातून चालल्यासारखी जाते की पायऱ्यांवर बसलेल्याला ऊठ म्हणणारं कुणी नाही. एक बाई पितळी भांडी घासत बसल्या होत्या. "कुठलं गाव?" त्यांनी विचारलं.

"नाशिक."

"अगं बाई! मग गोदावरी सोडून इकडं कशाला आलात?"

"हिचं माहेर सांगलीकडं."

"मग बरोबर हाय," असं म्हणून त्यांनी शालनकडे बघून मान हलवली आणि मला पुढं काही विचारलं नाही. मी शालनला म्हटलं, "सांग." तिनं पाण्याकडे तोंड करून श्वास घेतला. "गार आहे. पितळेचा तांब्या पाण्यात बुडवून गालाला लावल्यासारखा. मग खाली थोडा बुळबुळीत." मी ते मनात टिपलं. सगळं नेहमीसारखं चाललं होतं.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी एका लॉजमध्ये उतरलो. संध्याकाळी कंदी पेढे घेतले. दुकानदार म्हणाला, "खाऊन तर बगा, असा भाजल्याला खवा पुण्यात न्हाई मिळायचा." मला लागली ती जाड, रवाळ गोडी. शालन चावता चावता थांबली. "वासाला मऊ आहे, पण कडेला करपलेला. लोकरीच्या कपड्यावर इस्त्री जरा जास्त वेळ राहिली की बोटांना लागतं तसं." मग हसली आणि म्हणाली, "हिंदुरावसाठी एक पुडा घेऊ. त्याला हे लय आवडतात." नाशिकमध्ये ती 'लय' म्हणत नाही. पुडा मीच उचलून पिशवीत टाकला आणि त्यावर माझी जड वही ठेवली.

दुसऱ्या दिवशी कराडच्या एसटीत चांगली गर्दी होती, तरी एका बाकावर एकच माणूस बसला होता. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी, पायाशी काठी. शालन दारातच पदर नाकाला लावून पलीकडच्या बायकांत जाऊन बसली. मी त्या रिकाम्या जागेवर बसलो. वडूजकडचा धनगर होता तो. त्याची मेंढरं पुढं गेली होती, कराडकडच्या उसाच्या रानात खतासाठी बसवायला, आणि तो मागून निघाला होता. बराच वेळ त्यानं मला निरखलं.

"पाव्हणं, तुमी सरकला न्हाईसा त्ये?"

"कशाला सरकू?"

"समदी सरकत्यात. मेंढराचा वास मारतोय म्हणं. मला तर बाबा कसलाच वास येत न्हाई. तुमाला येतोय व्हय?"

"नाही."

त्याला इतका आनंद झाला की तो उठून उभाच राहिला. "ऐकलं का रं? ह्ये शिकल्यालं पाव्हणं हायती. त्येंनाबी वास न्हाई येत. न्हाईच हाय वास! तुमास्नी निस्ता भास हुतोय." बसमधल्या लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. आमच्या बाकावर एकमतानं ठरलं होतं की जगात मेंढरांना वास नाही. उरलेल्या बसचंही एकमत होतं, फक्त ते वेगळं. तो उतरेपर्यंत आम्ही दोघं ऐसपैस बसलो. जाताना त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेऊन निरोप घेतला. त्या सगळ्या प्रवासात माझी बाजू घेणारा तोच एक भेटला.

कराडच्या पुढे रस्त्याच्या कडेला गुऱ्हाळं लागली. चिमणीतून धूर, काहिलीभोवती उघडी माणसं, चिपाडांचे ढीग. शालन माझ्या शेजारी खिडकीशी येऊन बसली होती. तिनं डोकं बाहेर काढलं, डोळे मिटले आणि बसून राहिली. चेहऱ्यावर असं काही होतं, की जे मी तिच्या चेहऱ्यावर आणू शकलो असतो तर मी सुखी माणूस झालो असतो. मी वाट पाहिली. मग म्हटलं, "काय? कसा आहे?"

"थांबा ना. सांगते नंतर."

ती नंतर सांगणार नाही हे मला तेव्हाच कळलं. गुऱ्हाळ मागं पडलं, दुसरं आलं, तेही गेलं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. नाशिकला ती माझ्याबरोबर असते तेव्हा प्रत्येक वास अर्धा माझ्यासाठी घेते. इथं तिनं तो सबंध स्वतःच घेतला होता. शिवाय तिचं बोलणं बदलत होतं. इस्लामपूरच्या स्टँडवर तिनं भुईमुगाच्या शेंगावाल्याला "न्हाई नगं" म्हटलं, तेव्हा मी दचकून बघितलं, ही कोण बाई म्हणून.

सांगलीच्या स्टँडवर हिंदुराव स्वतः आला होता. धिप्पाड गडी, पांढरं धोतर, आणि हातांच्या रेषांत, नखांच्या कडेला मुरलेला पिवळा रंग. मी असं धरून बसलो होतो की दोघं खूप बोलतील, हसतील, आणि मला वहीत लिहिण्याजोगा राग येईल. तो म्हणाला, "आलीस व्हय, शाले?" ती म्हणाली, "आले की." संपलं. पण ज्यांना एवढ्यावर भागतं त्यांच्याबद्दल काय लिहायचं? मग तो माझ्याकडे वळला. "या दाजी." (दाजी म्हणजे बहिणीचा नवरा.) माझी ट्रंक त्यानं एका हातानं खांद्यावर घेतली. दोन दिवस मी ती दोन हातांनी ओढत होतो.

हरिपूरचा रस्ता चिंचांच्या सावलीतून जातो. टांग्यात ती दोघं पुढं बसली आणि मी मागं, पाय खाली सोडून, आलेल्या रस्त्याकडे तोंड करून. वाटेत घेतलेलं भडंग (लसूण आणि तिखट लावलेले चुरमुरे) मी एकटाच संपवलं. भडंग मला मनापासून आवडतं, कारण त्याचा अर्धा स्वाद कानात असतो.

आत्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानाशी येऊन थांबल्या. "दुखतोय का आजून?" सगळे हसले. हिंदुरावची बायको माहेरी गेली होती. ताट शालननंच वाढलं. ज्वारीची भाकरी, आमटी, लसणाचा खर्डा. पानावर बसताना मी सवयीनं म्हटलं, "वा, काय वास सुटलाय!" हे मी सगळीकडे म्हणतो, यजमानांना बरं वाटतं. शालननं खाली मान घातली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इथं कुणालाच माझ्या नाकाचं ठाऊक नाही. सासरे बोलले नव्हते, आणि तिनंही इतक्या वर्षांत माहेरी सांगितलं नव्हतं. मला ते बरं वाटलं की वाईट, हे मी ठरवू शकलो नाही.

पेव आदल्या दिवशीच उघडून ठेवलं होतं. आतली कोंडलेली हवा जाऊ द्यावी लागते, नाहीतर उतरलेला माणूस वर येत नाही. सकाळी आम्ही गेलो तेव्हा तोंडाभोवती चार गडी उभे होते. हिंदुरावनं कंदील दोरीला बांधून खाली सोडला. सगळे वाकून बघत राहिले. ज्योत तेवत राहिली तसा एक गडी टोपली घेऊन दोरीनं उतरला.

"दाजी, आमच्या घरची चाल ठावं हाय का तुमाला?" हिंदुराव म्हणाला. "आमी हळदीत जल्मलो. आमच्या समद्यांची नाकं हळदीपुरती मेल्यात. मालाला खाली वल लागली, त्यो घामेजला, तरी आमाला कळत न्हाई. कळंस्तवर वास बदलून रंग जातोय. मग बाहिर दिल्याल्या लेकीला बोलवायचं. तिचं नाक ताजं असतंय. व्यापारी बोलवायच्या आदी घरच्या लेकीनं वास घ्यायचा. ठणठणीत म्हणली की पेव परत बुजवायचं, भाव येईस्तवर. नासका म्हणली की तवाच समदा माल वर."

म्हणजे ह्या माणसालाही हळदीचा वास येत नव्हता! मला जो आनंद झाला तो लपवायला मला खाली बघावं लागलं. पिवळ्या नखांच्या, एका हातानं ट्रंक उचलणाऱ्या हिंदुरावचं नाक मेलेलं! ज्या वस्तूवर त्याचं घर उभं आहे ती त्याला माझ्याइतकीच मुकी! शालन आणि तो मिळून काहीतरी हुंगतात, मला वगळून, असं जे चित्र मी कराडपासून रंगवत आलो होतो ते पुसलं गेलं. मी हसलोसुद्धा.

टोपली वर आली, मागोमाग गडीही. हिंदुरावनं मूठभर हळकुंडं घेतली आणि ती शालनला न देता माझ्यापुढे धरली.

"यंदा जावई आल्यात. पयला मान तुमचा. तुमचं नाक तर हिच्यापरीस बाहिरचं. सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चार गडी, आत्या, हिंदुराव. एका शब्दात सुटका होती, मला वास येत नाही असं म्हणायचं. पण हिंदुरावपुढं ते म्हणायला माझी जीभ उचलेना. मी मूठ नाकाशी नेली, मोठा श्वास घेतला. हळकुंडं टणक होती, कोरडी लागत होती, एक मोडलं तर खणकन वाजलं आणि आत भगवा रंग दिसला. माझ्याकडे जेवढी साधनं होती त्या सगळ्यांनी माल चांगला असल्याचं सांगितलं. मग मी माझा जपून ठेवलेला दागिना काढला.

"उत्तम आहे," मी म्हणालो. "कोरं मांजरपाट टरकन फाडल्यासारखा."

हिंदुराव खदखदून हसला. "आवं दाजी, ह्ये तर शालीचं बोलणं! सुट्टीत मामाकडं छावणीत ऱ्हाऊन आली की हितं ह्याच जागेवर हुबी ऱ्हायाची आन मला सांगायची. मला वास येत न्हाई म्हणून रडत हुतो मी, तवा तिनं मांजरपाट फाडून दावलं हुतं. माज्या आईचं! मार खाल्ला आमी दोगांनी."

आत्यांना ते आठवलं, त्याही हसल्या. मी हसण्यासारखं तोंड केलं. ज्या भाषेवर माझा संसार चालला होता ती हिंदुरावसाठी शिवली होती, आणि मी इतकी वर्षं त्याचा उतरलेला सदरा नवा समजून मिरवत होतो. नाशिकच्या खोलीत डबा उघडून डोळे मिटले तेव्हा तिला कोण आठवलं असेल? मी जी हळद म्हणून ओळखत होतो ती हळद त्याची होती. माझ्या डोक्यातला एकेक वास मी उलटून बघायला लागलो, त्याच्यामागे हिंदुराव दिसतो का म्हणून.

तिकडे हिंदुरावनं माझा शब्द प्रमाण धरला होता. "माल ठणठणीत. घ्या बुजवून," त्यानं गड्यांना सांगितलं. एकानं वरचा दगड सरकवायला हात घातला.

शालन पलीकडे उभी होती. टोपली तिच्या पायाशी होती आणि तिचा चेहरा बदलला होता. तिला काहीतरी येत होतं, हे मला दिसलं. मला वास येत नाही हे तिला माहीत होतं, आणि तिथं ते फक्त तिलाच माहीत होतं. ती गप्प राहिली तर पेव बुजणार आणि हिंदुरावची वर्षाची हळद आत कुजणार. बोलली तर नवरा चार गड्यांसमोर खोटा पडणार. ती माझ्याकडे बघत होती. मी नजर वळवली, कारण ती काय निवडेल हे मला बघायचं नव्हतं.

"थांब रं," ती म्हणाली. "ह्यांनी मधली मूठ बघितली. मधला माल हाय चांगला. मला भिताडाकडंची दे."

गडी परत उतरला. कडेची हळकुंडं वर आली. दिसायला तशीच, माझ्या बोटांना तशीच. तिनं ती नाकाशी नेली, डोळे मिटले, लगेच मूठ खाली केली.

"घामेजलाय. वल्ल्या फडक्यानं कुणीतरी हात धरल्यावानी हाय. समदा माल वर काढ, आत्ताच."

वल्ल्या फडक्यानं हात धरल्यावानी. नवी कोरी उपमा, आणि माझ्यासमोर त्याला दिली. तिनं मला वाचवलं होतं, त्याची हळद वाचवली होती, दोन्ही एका वाक्यात. इथं मला लाज वाटली असं लिहिलं तर ते शोभून दिसेल. खरं म्हणजे मला रागच आला.

दिवसभर माल वर येत होता. अंगणात, ओट्यावर, शेजाऱ्यांच्या खळ्यात हळकुंडं पसरली. भिंतीकडचा उसाच्या पाल्याचा थर ओला निघाला, कुठूनतरी पाझर लागला होता. नासलेला भाग थोडा होता, बाकी उन्हात तरून जाईल असं हिंदुराव म्हणाला. मीही टोपल्या वाहिल्या. माझे तळहात त्याच्यासारखे पिवळे झाले आणि मी ते दोनदा साबणानं धुतले.

दिवस कलताना हिंदुराव मला संगमावर घेऊन गेला. वारणा कृष्णेला मिळते ती तिथं. पाणी दोन रंगांचं दिसत होतं आणि पुढं एक होत होतं.

"दाजी, तुमाला वास येत न्हाई न्हवं?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. वास घेताना माणूस डोळं झाकतंय. तुमी उघडं ठिवलं हुतं आन शालीकडं बगत हुता." त्यानं एक खडा पाण्यात टाकला. "मीबी तसाच बगतोय. मला वरसातनं एकदा कळतंय माज्या घरात काय हाय त्ये. ती येती, सांगती, जाती. तुमाला मातूर रोज सांगत आसंल. लय चैन हाय तुमची."

त्याच्या आवाजात जे होतं ते मी ओळखलं, कारण मी ते नाशिकपासून वाहून आणलं होतं. चांगल्या मनाच्या माणसानं इथं त्याच्या खांद्यावर हात ठेवला असता. मी नुसतं "हं" म्हटलं आणि आम्ही परत आलो.

परतीच्या एसटीत कराडपर्यंत मी बोललो नाही. गुऱ्हाळं आली तेव्हा शालन आपण होऊन म्हणाली, "जाताना सांगायचं राहिलं. हा वास जड आहे. ओली गोधडी अंगावर..."

"हे हिंदुरावला सांगून झालंय का?" मी म्हणालो.

ती वळली. पुढच्या बाकावरच्या बाईनंही कान टवकारले.

"त्याला हळदीचा तेवढा येत नाही," शालन हळू आवाजात म्हणाली. "बाकी सगळे वास येतात त्याला, गुळाचासुद्धा. मी त्याला आयुष्यात एक वास सांगितला. तुम्हाला सांगत सांगत माझं निम्मं आयुष्य गेलं. फूल घेतलं हातात की आधी विचार करायचा, यांना कसं सांगू. मला नुसतं हुंगायला मिळालंय कधी? त्या दिवशी दोन गुऱ्हाळं मी माझी घेतली, तर तुम्ही तोंड फुगवलंत."

सातारा आलं, पेढ्यांची दुकानं मागं गेली. आम्ही दोघंही समोर बघत बसलो होतो. उन्हानं अंगाला घाम आला होता, सदरा पाठीला चिकटला होता, आणि माझ्या मनात एक प्रश्न आला जो मी तिला कधी विचारलाच नव्हता. एवढे वास मागून घेतले, नद्यांचे, देवळांचे, लोकांच्या घरांचे, पण हा राहिला होता.

"शालन, माझा वास कसा आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. आधी हसू आवरलं, मग ते आवरेना.

"तो नाही सांगायची."

"का? वाईट आहे?"

"कसा का असेना. सगळे सांगून टाकले तुम्हाला, एवढा एक माझा ठेवलाय. कुणाला सांगितला नाही, तुम्हालाही मिळायचा नाही."

मी पुष्कळ विनवण्या केल्या. नाशिक येईपर्यंत केल्या, घरी आल्यावरही केल्या. ती बधत नाही. रात्री दिवा मालवला की पाठमोरी होते, एक लांब श्वास घेते आणि झोपी जाते.

हे सारं लिहिताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. हिंदुरावबद्दल आता माझ्या पोटात काही दुखत नाही. पुढच्या फाल्गुनात त्याचं कार्ड आलं तर मी स्वतः तिकिटं काढीन. पण आमच्या घरात एक माणूस आहे, तो कसा आहे हे फक्त तिला माहीत आहे, आणि ती ते कुणाला सांगत नाही. ती डोळे मिटून त्याला ओळखते. मला तो जन्मात भेटायचा नाही. त्या माणसावर मी जळतो, आणि तो रोज माझाच सदरा घालतो.